अंकलच्या बॅलडला खोट्या टाळ्या वाजवू का?

पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका 27 वर्षांची. पुण्यात नोकरी आणि शनिवार-रविवार टेनर सॅक्सोफोन. मुंबईतल्या एका गोवेकर जॅझ वादकाकडे ती सात वर्षं शिकली; सगळ्यांसारखी तीही त्यांना अंकल म्हणते. डिसेंबरात अंकल ऐंशीचे होतील. शिष्यांनी छोटी मैफल ठरवली आहे, प्रत्येकाने एक बॅलड, म्हणजे संथ भावगीत, वाजवायची. अंकल स्वतः 'बॉडी अँड सोल' वाजवणार. तिच्या चौघांच्या बँडनेही नेमकं तेच गाणं घेतलं आहे, पण नव्या कॉर्ड (चालीखाली एकत्र वाजणारे स्वर) लावून आणि सात मात्रांत बसवून. तालमीत ते ऐकून अंकल म्हणाले, "एक बाई मनातलं सांगतेय आणि तू पत्ते पिसत बसलीयस." हे तिला फार लागलं. पण अंकलचं आताचं वादन तिलाही मनापासून आवडत नाही. दम मध्येच तुटतो, वरचा स्वर चिरकतो, लय मागे ओढल्यासारखी वाटते. लोक 'काय अनुभव आहे!' म्हणतात, ती टाळ्या वाजवते आणि परतीच्या गाडीत तिला स्वतःचीच लाज वाटते. तिचं म्हणणं असं, की जुने लोक चाल आहे तशी वाजवतात, आम्ही ती मोडून पुन्हा बांधतो. हा पिढीचा फरक आहे, त्याला इलाज नाही. मग आदर म्हणून त्यांच्यासारखं वाजवायचं, की आपल्यासारखं वाजवून त्यांना दुखवायचं?

प्रिय मुली,

माझी धाकटी भाची तुझ्याच वयाची आहे, म्हणून एकेरीत लिहिते.

टाळ्यांचं नंतर बघू. तुझ्या पत्रात मी अडले ते दुसऱ्याच वाक्याशी: 'जुने लोक चाल आहे तशी वाजवतात.' हे तू इतक्या सहज लिहिलं आहेस, की त्यावर कधी शंका घेतली असशील असं वाटत नाही. आणि गंमत म्हणजे जे गाणं तुम्ही दोघांनी निवडलं आहे, तेच या वाक्याला खोटं पाडतं.

11 ऑक्टोबर 1939 ला न्यूयॉर्कमध्ये टेनर सॅक्सोफोनवाल्या कोलमन हॉकिन्सने 'बॉडी अँड सोल' ध्वनिमुद्रित केलं. पाच वर्षं युरोपात काढून तो नुकताच परतला होता. तीन मिनिटांची तबकडी, गाण्याची दोनच आवर्तनं. सुरुवातीच्या काही बारांत (एक बार म्हणजे चार ठोके) तो चाल ओळखीपुरती दाखवतो आणि तिथून जो निघतो तो शेवटपर्यंत तिच्याकडे वळून बघत नाही. ज्यांनी चालीसाठी तबकडी विकत घेतली त्यांच्या हाती चाल जवळजवळ लागलीच नाही, तरी ती धो धो खपली. हॉकिन्स तेव्हा 34 वर्षांचा होता, तुझ्यापेक्षा सातच वर्षांनी मोठा. पुढच्या प्रत्येक टेनरवाल्याला या तबकडीशी कधी ना कधी गाठ घ्यावी लागली आणि तुझ्या अंकलनीही ती घेतलीच असणार. म्हणजे तू ज्याला जुनं म्हणतेस त्याच्या मुळाशी एका चाळिशीच्या आतल्या माणसाने केलेली मोडतोडच आहे.

आणखी एक. ती तबकडी लाव आणि पायाने ठेका धर. हॉकिन्स तुला वाटतं तितका संथ नाही. दोन आवर्तनं म्हणजे 64 बार, वर पियानोची छोटी सुरुवात, हे सगळं तीन मिनिटांत बसायचं तर मिनिटाला नव्वदीच्या आसपास ठोके पडतात. आज आपण ज्याला बॅलडची लय म्हणतो, साठच्या आसपासची, ती बरीच नंतर रुळली. 1948 मध्ये लाँग प्ले तबकडी आली, तीन मिनिटांची कात्री गेली, नाचणारे लोक खुर्च्यांवर बसून ऐकू लागले आणि मग बॅलड सैल झाली. शर्ली हॉर्न पियानो वाजवत गायची ते इतकं संथ, की दोन ठोक्यांच्या मध्ये चहा गाळून व्हावा. ती हॉकिन्सपेक्षा जवळजवळ तीस वर्षांनी धाकटी. तेव्हा 'जुनं म्हणजे संथ' हेही खरं नाही.

मग तुझ्या कानाला अंकलमध्ये आणि तुझ्यात जो फरक जाणवतो, तो भास आहे का? मुळीच नाही. फरक आहे आणि मोठा आहे. पण तो वयाचा कमी आणि गाणं तुम्हाला कुठे भेटलं याचा जास्त आहे, असं मला वाटतं.

ही जी गाणी जॅझवाले 'स्टँडर्ड' म्हणून वाजवतात ती बहुतेक ब्रॉडवेच्या नाटकांतून, सिनेमांतून, विकत मिळणाऱ्या छापील नोटेशनमधून आलेली. म्हणजे आपल्याकडे नाट्यपदं आणि सिनेमाची गाणी घराघरांत पोचली तशीच. 'बॉडी अँड सोल' 1930 चं. जॉनी ग्रीनने ते एका गाणाऱ्या नटीसाठी बांधलं होतं. त्या काळच्या वादकाच्या कानावर आधी शब्द पडायचे, मग कुठे कॉर्ड. टेनरवाल्या लेस्टर यंगबद्दल सांगतात, की शब्द माहीत नसलेलं गाणं वाजवायला त्याला आवडत नसे. दुसरा टेनरवाला डेक्स्टर गॉर्डन तर बॅलडच्या आधी माइकसमोर उभा राहून, त्या खर्जातल्या आवाजात, गाण्याच्या पहिल्या ओळी नुसत्या बोलून दाखवायचा. श्रोत्यांना ती लकब वाटायची. मला वाटतं तो वाजवण्याआधी स्वतःलाच आठवण करून देत असावा.

आता तुझं बघ. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर बोस्टनच्या बर्कली कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी स्टँडर्डचं एक हातलिखित पुस्तक तयार केलं. वरती चाल, कॉर्डची नावं, बस. परवानगी कुणाचीच नव्हती. अधिकृत आवृत्ती निघाली ती 2004 मध्ये. मधली तीस वर्षं जगभरच्या मुलांनी त्याच्या झेरॉक्स काढून जॅझ शिकलं. शब्द त्यात नाहीतच म्हटलं तरी चालेल. आणि तुझ्या फोनवरच्या ॲपमध्ये तर चालही नसेल, नुसत्या कॉर्डच्या चौकटी आणि खाली यांत्रिक ड्रम. तुला हे गाणं एक रचना म्हणून भेटलं. त्यातल्या कॉर्ड बदलून बघाव्यात, मात्रा सात करून बघाव्यात, हे तुला सुचणारच. त्यात उद्धटपणा काही नाही. दिलेल्या कागदावर जे होतं त्याच्याशीच तू खेळलीस.

अंकलना ते पायांतून भेटलं असणार. गोव्याच्या पॅरिश शाळेत सोल्फेज, म्हणजे लिहिलेले स्वर वाचून गाणं, शिकून मुंबईला आलेली ती पिढी. त्यांच्या आधीच्या गोवेकरांनी तीसच्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी आणि नंतर टेडी वेदरफर्ड यांचे अमेरिकी बँड बघून-ऐकून हे संगीत उचललेलं. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट त्यांतलाच. रात्री हॉटेलात नाचणाऱ्यांसाठी वाजवायचं, दिवसा स्टुडिओत हिंदी सिनेमासाठी, जिथे पडद्यावर वादकाचं नाव क्वचितच यायचं. तुझे अंकल साठ-सत्तरच्या दशकात चर्चगेटच्या हॉटेलांतून वाजवत असतील तर बॅलड म्हणजे त्यांच्यासाठी अशी वेळ, जेव्हा दिवे मंद होतात आणि जोडपी जवळ येतात. तिथे लय ठरवतो तो नाचणाऱ्याचा पाय. सात मात्रांवर बायकोचा हात धरून कोण नाचणार? त्यांनी जे 'पत्ते पिसणं' म्हटलं त्यात मला टोमण्यापेक्षा गोंधळ जास्त ऐकू येतो. ज्या खोलीत माणसं होती त्या खोलीत त्यांना अचानक कोडं दिसलं.

आता या सगळ्याची चाचणी कशी घ्यायची ते सांगते, कारण मी अंकलना ऐकलेलं नाही आणि तू ऐकलं आहेस. गाण्याचे शब्द मिळव, पाठ कर आणि अंकलचं एखादं ध्वनिमुद्रण लावून त्यावर ते मनात म्हण. जिथे त्यांचा दम तुटतो असं तू म्हणतेस, तिथे ओळ संपते का? संपत असेल तर दम तुटलेला नाही, वाक्य संपलं आहे. शब्दाच्या मधोमध तुटत असेल तर मात्र तो वयाचा भाग आहे, आणि तसंही असू शकतं; ऐंशीच्या माणसाच्या फुप्फुसांना आपण तत्त्वज्ञान चिकटवायचं काही कारण नाही. माझा अंदाज, दोन्ही सापडेल. कुठलं कुठे आहे हे तुला कळणं, हीच त्यांच्याकडची आठव्या वर्षाची शिकवणी समज.

'पिढी' या शब्दाबद्दलही थोडी सावध राहा. तो फार सोयीचा आहे, म्हणून. हॉकिन्स आणि लेस्टर यंग यांच्यात पाचच वर्षांचं अंतर. पण एकाचा आवाज भरदार, कंपाने थरथरणारा, प्रत्येक कॉर्डचा जिना चढणारा; दुसऱ्याचा हलका, कोरडा, कॉर्डच्या वरून तरंगत जाणारा. त्या काळात भांडणं व्हायची यावरून. उलटं उदाहरण माइल्स डेव्हिसचं. 'माय फनी व्हॅलेंटाइन' त्याने 1956 मध्ये केलं तेव्हा ते म्यूट लावलेल्या ट्रम्पेटवर, कुजबुजीत आणि जागच्या जागी होतं. फेब्रुवारी 1964 मध्ये न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक हॉलमध्ये त्याने तेच पुन्हा वाजवलं. मागे ड्रमवर टोनी विल्यम्स, वय अठरा. पियानोवर हर्बी हॅनकॉक, तेवीस. लय मध्येच दुप्पट होते, मध्येच थांबूनच जाते आणि चालीचे नुसते तुकडे हवेत दिसतात. माणूस तोच, गाणं तेच, मध्ये आठ वर्षं. यात जुना कोण आणि नवा कोण? बाजूला कोण बसलंय आणि आपण त्याचं ऐकतो का, यावर बरंच अवलंबून असतं. माइल्स ऐकत होता. अंकल तालमीला आले, म्हणजे तेही ऐकायलाच आले होते, हे विसरू नकोस.

आता टाळ्या.

थकलेल्या कलावंताला आपण कसं ऐकतो याबद्दल माझं मत जरा कडवट आहे. 'काय अनुभव आहे!' ही दाद मला पुष्कळदा न ऐकण्याची सोय वाटते. आपल्याकडच्या संगीत महोत्सवांतही हे दिसतं. बुजुर्ग मंचावर आले की सभागृह उभं राहतं, आणि मग ते काय गातायत याकडे अर्धे लोक लक्ष देत नाहीत, कारण दाद आधीच देऊन झालेली असते. तू त्या खोलीत बसून चिरकलेला स्वर ऐकतेस, लय कुठे बसली ते ऐकतेस. म्हणजे तिथे अंकलना सर्वांत बारकाईने ऐकणारी तूच आहेस. याची लाज कसली?

गायिका बिली हॉलिडेने 1958 मध्ये तंतुवाद्यांच्या मोठ्या ताफ्याबरोबर 'लेडी इन सॅटिन' ही तबकडी केली. वय फक्त 42, पण दारू आणि हेरॉइनने आवाज पार झिजलेला. वीस वर्षांपूर्वी टेडी विल्सन आणि लेस्टर यंगबरोबर गाणारी, ठोक्याच्या मागे-पुढे लीलया सरकणारी ती मुलगी यात शोधूनही सापडत नाही. या तबकडीवरून जाणकारांत आजही दोन तट आहेत. काहींना ती तिची सर्वांत खरी कलाकृती वाटते, काहींना एका माणसाची पडझड जपून ठेवल्यासारखी. मला स्वतःला ती एका बैठकीत पूर्ण ऐकवत नाही. आणि तरी त्यातल्या दोन-तीन जागी शब्द जसा पडतो तसा तो तरुण बिलीच्या गळ्यातून पडला नसता, हेही मला नाकारता येत नाही. ही दोन्ही वाक्यं मी एकाच दमात बोलू शकते. तूही अंकलबद्दल बोलू शकतेस. 'वरचा स्वर लागला नाही' आणि 'ब्रिजच्या, म्हणजे गाण्याच्या मधल्या वेगळ्या भागाच्या, आधी ते जे थांबले ते मला या जन्मी जमणार नाही', या दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी खऱ्या असू शकतात.

म्हणून टाळ्या वाजव, त्यात ढोंग नाही. साठ वर्षं एका नळीत फुंकर घालणाऱ्या माणसाला टाळ्या मिळायलाच हव्यात. फक्त नंतर भेटशील तेव्हा 'छान झालं अंकल' म्हणू नकोस. एक नेमकी जागा सांग, जी तुला खरंच आवडली. एकच. नाहीच सापडली तर काहीतरी विचार. वादकाला खोटं कौतुक चटकन कळतं आणि प्रश्न त्याहून चटकन आवडतो.

आणि हो, मनापासून न आवडण्याची मुभा तुला आहेच. उदाहरणार्थ तो रुंद कंप, व्हायब्रॅटो, जो अंकलच्या वाजवण्यात असणार असं मी पैजेवर सांगते. त्याची फॅशन मिशीसारखी असते, येते नि जाते. तुझ्या कानाला टेनरवाल्या जॉन कोल्ट्रेननंतरचा सरळ, न थरथरणारा स्वर सवयीचा आहे. पण बेन वेबस्टरला एकदा हेडफोन लावून, रात्री, आवाज कमी ठेवून ऐक. तरुणपणी तो हॉकिन्सच्या वळणाचा, दणकट आणि गर्दी करणारा वादक होता. ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये गाजला. वय वाढलं तसे स्वर कमी होत गेले. शेवटची वर्षं त्याने कोपनहेगन आणि ॲम्स्टरडॅममध्ये काढली, तेव्हाच्या बॅलडमध्ये तर स्वर विझल्यावरही श्वास चालू राहतो, नुसती हवा ऐकू येते. ते ऐकून नावडलं तर नावडलं. पण आधी ते हेडफोनवर ऐक, कारण फोनच्या स्पीकरवर ती हवा पोचतच नाही, आणि मग उरतो तो नुसता म्हातारा.

आता खरा निर्णय. तू दोनच वाटा लिहिल्या आहेत: त्यांच्यासारखं वाजवणं किंवा त्यांना दुखवणं.

पहिली वाट मी बाद करते. 27 व्या वर्षी ऐंशीचा श्वास घ्यायला गेलीस तर ती नक्कल होईल, आणि नक्कल अंकलना तुझ्या सात मात्रांपेक्षा जास्त दुखवेल. आपल्या थांबण्याच्या जागा शिष्येच्या वाजवण्यात आयत्या बघणं कुणालाच सुखाचं नसतं.

दुसऱ्या वाटेबद्दल एक विचारते. सात मात्रा कुणी मागितल्या? गाण्याने, की बँडने? रागावू नकोस, प्रश्न खरा आहे. कोल्ट्रेनने 1960 मध्ये हेच गाणं घेतलं आणि त्याच्या कॉर्ड पार बदलल्या; खाली बेस एकाच स्वरावर ठाण मांडून बसतो आणि वर हार्मनी सरकत राहते. पण चाल वर स्वच्छ ऐकू येते. तुम्हाला ती सोबत गाता येते. आणि पुढे काय झालं बघ. कोल्ट्रेन तरुणपणी ज्यांच्याकडून शिकला त्यांत डेक्स्टर गॉर्डन होता. सत्तरच्या दशकात त्याच डेक्स्टरने 'बॉडी अँड सोल' वाजवताना कोल्ट्रेनच्या कॉर्ड घेतल्या. शब्द बोलून दाखवणारा तोच डेक्स्टर! नवी हार्मनी आली म्हणून त्याचे शब्द कुठे गेले नाहीत. तेव्हा तुमची मांडणी घे, वाद्य बाजूला ठेव आणि सात मात्रांत ते गाणं शब्दांसकट गाऊन बघ. शब्द नीट बसले, अर्थाच्या जागी वजन पडलं, तर मांडणी खरी आहे, बेधडक वाजव. शब्द ओढावे लागले, एखादं फालतू अक्षर समेवर येऊन आदळलं, तर अंकल पत्त्यांबद्दल जे म्हणाले ते रागाने म्हणाले असतील, पण चुकीचं म्हणाले नाहीत.

मात्र ती मांडणी त्या रात्री नको. हे माझं स्पष्ट मत आहे आणि त्याचा संगीताशी फारसा संबंध नाही. वाढदिवसाच्या माणसाने निवडलेलं गाणं त्याच संध्याकाळी शिष्येने वेगळ्या थाटात वाजवायचं, याचा अर्थ कितीही समजावलं तरी श्रोते एकच लावणार. जुगलबंदीची हौस बघणाऱ्याला असते. तुमची सात मात्रांची मांडणी पुण्यात तुमच्या कार्यक्रमात करा आणि अंकलना त्याला रीतसर बोलवा, पुढच्या रांगेत. तुझ्या बँडला त्या रात्रीसाठी दुसरी बॅलड मिळेल.

तू मात्र 'बॉडी अँड सोल' सोडू नकोस. अंकलना विचार, बरोबर वाजवू का.

याचा एक नमुना माझ्या डोळ्यांसमोर आहे. डॉक चीटम, जन्म 1905, ट्रम्पेट. वयाच्या नव्वदीतही न्यूयॉर्कच्या स्वीट बेसिल क्लबमध्ये दर रविवारी दुपारी वाजवायचे, कोपरं बाहेर काढून, ट्रम्पेट छताकडे रोखून. 1996 मध्ये न्यू ऑर्लिन्सचा निकोलस पेटन त्यांच्याबरोबर स्टुडिओत बसला. तो तेवीसच्या घरात, हे एक्क्याण्णव. त्यांनी 'स्टारडस्ट' घेतलं, 1927 चं गाणं, म्हणजे चीटम स्वतः बाविशीत असतानाचं. पेटनकडे ताकद भरपूर होती. वर चढून गेला असता तर त्याला कोण अडवणार होतं? पण तो त्या वृद्धाच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्यासारखा वाजवतो, स्वतःच्या आवाजात. चीटमचा ध्वनी बारीक झालेला आहे, काठाशी किंचित विरलेला, पण कुठला स्वर कधी सोडायचा हे त्यांना बिनचूक माहीत आहे. त्या सोलोसाठी दोघांना मिळून ग्रॅमी मिळालं. चीटम मात्र जून 1997 मध्येच, ब्याण्णवावा वाढदिवस अवघ्या काही दिवसांवर असताना, गेले. ही तबकडी ऐकून ये आणि मग अंकलना फोन कर.

ते 'हो' म्हणाले तर एकच आवर्तन वाजवा. बत्तीस बार म्हणजे 128 ठोके, साठच्या लयीत दोन मिनिटांहून थोडंसंच जास्त, आणि ऐंशीच्या दमाला तेवढं पुरे. पहिले सोळा बार त्यांचे. ब्रिज तुझा, कारण तिथे गाणं अर्धा स्वर वर उडी मारतं आणि चढाईचा तो भाग तरुण ओठांना सोपा. शेवटचे आठ पुन्हा त्यांचे. तू तेव्हा खाली धरलेला एखादा लांब स्वर दे, जमलं तर. मधल्या काळात रोज दहा मिनिटं मेट्रोनोम तीसवर लावून सराव कर, म्हणजे दोन ठोक्यांना एक टिक. मधली जागा तुझी तुलाच सांभाळावी लागेल. लय मागे ओढल्यासारखी म्हणजे नेमकं काय, हे पहिल्या आठवड्यातच कळेल. कदाचित असंही कळेल की अंकल मागे नसतात, तू पुढे असतेस.

ते 'नाही' म्हणाले तर आग्रह करू नकोस. काहींना शेवटची खेळी एकट्याने खेळायची असते.

दोन्ही परिस्थितींत एक दुपार त्यांच्याकडे जा, वाद्य न घेता. गाणं पहिल्यांदा कुठे ऐकलं, कुणाच्या तबकडीवर, कुठल्या हॉटेलात ते कितव्या लयीत वाजवायचे, जोडपी थांबली तर काय करायचे, हे विचार. 1978 मध्ये मुंबईत पहिली जॅझ यात्रा झाली, सॉनी रोलिन्स त्या मंचावर होता. अंकल तेव्हा ऐन उमेदीत असतील. तिथे होते का, रोलिन्सने बॅलड कशी घेतली असं त्यांना आठवतं का, हेही विचार. आणि परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड कर. त्या पिढीच्या गोवेकर वादकांबद्दल लिहिलेलं थोडं आहे, बोललेलं बरंच आहे, आणि ते बहुतेक अशाच दुपारी बोललेलं असतं. त्या 'मनातलं सांगणाऱ्या बाई'बद्दलही विचार. ती कोण, काय सांगतेय? मला तर वाटतं, ते विचारल्यावर ते शब्द म्हणून दाखवतील.

जॅझशी संबंध नसलेले वाचक इथवर आले असतील तर त्यांच्याकरता थोडं. ज्यांचे गुरू थकले आहेत असे तबलजी, गायिका, नट मला हेच विचारत असतात, फक्त वाद्याचं नाव वेगळं असतं. तुम्हालाही एवढंच सुचवेन: एकच रचना घ्या, ती तुमच्या गुरूंनी तिशीत केलेली आणि सत्तरीत केलेली अशी शेजारी शेजारी ऐका, आणि काय गेलं याची यादी झाली की काय गाळलं याचीही करा. या दोन याद्या एकमेकींत मिसळू देऊ नका. ध्वनिमुद्रण नसेल तर त्यांच्या जुन्या साथीदाराला विचारा. साथीदारांना सगळं आठवत असतं, आणि त्यांना सहसा कुणी विचारत नाही.

आणि मुली, शेवटी एक व्यवहाराचं. अंकल कुठल्या पट्टीत वाजवतात ते आधी विचारून घे. मूळ पट्टी डी फ्लॅट, म्हणजे तुझ्या टेनरवर ई फ्लॅट, आणि ब्रिजला चार शार्पच्या ई मध्ये जावं लागतं. वरचा स्वर चिरकतो म्हणतेस, तर कदाचित त्यांनी ते आधीच खाली उतरवलेलं असेल, किंवा उतरवायचं मनात असेल आणि बोलत नसतील. तुझ्या पियानोवाल्याला आणि बेसवाल्याला आतापासून दोन पट्ट्या खालीही तयार ठेवायला सांग. तालमीच्या दिवशी अंकलना 'खाली घेऊ या का?' असं सर्वांसमोर विचारू नकोस. पियानोवाल्यालाच म्हणू दे, की त्याला स्वतःला खालची पट्टी बरी पडते.